पिकअपचं कूलंट जातंय कुठे? हेड न उतरवता घेतलेल्या शोधाच्या नोंदी

गाडी २०१८ची, बीएस-४ (धुराच्या सरकारी मापाचा टप्पा) पिकअप. अडीच लिटरचं चार सिलिंडर टर्बो कॉमन रेल डिझेल इंजिन, मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर. सीझनमध्ये रत्नागिरीहून हापूस भरून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि कोल्हापूरला शाहू मार्केट यार्डात उतरवायचा. येताना भाजी किंवा खत. ज्यांच्या गाडीचं पाणी (म्हणजे इंजिन थंड ठेवणारं कूलंट) कमी होतंय, खाली थेंब दिसत नाही आणि 'हेड (सिलिंडरवरचं मोठं झाकण) गेलं' असं सांगितलं गेलंय, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतोय.

६ एप्रिल २०२४

तक्रारी तीन. कूलंटच्या बाटलीतली पातळी प्रत्येक फेरीला खाली जाते. सकाळी पहिला स्टार्ट मारला की गाडी पाऊणएक मिनिट मिसिंग मारते (अडखळत चालते), पांढरा धूर सोडते, मग सुरळीत चालते. आणि भरल्या गाडीने घाट चढताना पिकअप (गाडीची ओढ) कमी, काळा धूर आणि टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर.

आमच्या मिस्त्रीकाकांनी धुराचा वास घेतला, बाटली बघितली आणि म्हणाले, "भाऊ, लक्षणं सगळी हेड गॅस्केटची. आज उतरवू, फेसिंग करून आणू, आठवड्यात गाडी हातात." हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं सील, फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. खर्चाचा अंदाज ३० ते ३५ हजार. काकांचा हात चांगला आहे, याच गाडीचा क्लच त्यांनी केलाय. पण पाडवा तोंडावर, बागेत तोडणी सुरू झालेली, आणि हेड उघडून गॅस्केट धडधाकट निघालं तर पैसे आणि आठवडा दोन्ही गेले. पाणी जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय हेडचा नट सैल करायचा नाही, असं ठरवलं. काका म्हणाले, "बघा, पण गाडी उकळू देऊ नका. मग खरंच हेड वाकेल." ते पटलं. तोवर गाडी घाटात न्यायची नाही, माल भाड्याच्या गाडीने.

आज एवढंच केलं: बाटलीवर चिकटपट्टी लावून रेघ मारली. मोजायचं ते पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, अंगणातल्या त्याच सपाट जागी. कमी झालेलं मापाच्या भांड्याने भरायचं म्हणजे आकडा मिळतो. 'थोडं कमी होतं' यावरून काही शोधता येत नाही. सध्या कोल्हापूरच्या एका फेरीला अर्धा लिटरच्या आसपास जातंय. गावातल्या गावात फिरलं तर जेमतेम कपभर. म्हणजे इंजिनावर लोड आला, दाब वाढला की जास्त जातंय.

७ एप्रिल

स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात. होजपाईप हाताने दाबून, पिळून बघितले. भेगा नाहीत, क्लिपा घट्ट. बाटलीच्या झाकणाभोवती मात्र पांढरट थर साचलेला. पाणी वाफेने निघून गेलं की असा थर मागे उरतो. खाली डबकं होत नाही कारण गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही.

दाब तपासायचा हातपंप मागवला होता, तो आला. दाब दाखवणारं घड्याळ आणि वेगवेगळ्या झाकणांचे अडॅप्टर असलेला संच, २,६०० रुपये. घ्यावा की नाही याचा बराच विचार केला होता. या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

बाटलीच्या झाकणावर ०.९ बार (बार हे दाबाचं माप) लिहिलंय. पंपावर लावलं तर ०.४ लाच सोडून देत होतं. आतलं रबर चिरलेलं. नवीन झाकण २८० रुपये.

झाकण म्हणजे नुसतं बूच नाही, हे बऱ्याच ड्रायव्हर मंडळींच्या लक्षात येत नाही. उघड्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, वर १ बार दाब असेल तर साधारण १२० ला. झाकण दाब धरत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही घाटात गाडी उकळते.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर दुपारी बसलो. इंजिन थंड. बाटलीच्या तोंडाला पंप लावून १ बारपर्यंत दाब चढवला आणि घड्याळ बघत राहिलो. अर्ध्या तासात काटा ०.७ वर. म्हणजे गळती आहे, इंजिन बंद असतानाही आहे, आणि ती आता निवांत शोधता येते. चालू इंजिनाच्या आवाजात, फिरत्या पंख्याशेजारी वाकून बघण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं आणि सुरक्षित.

खाली झोपून टॉर्च आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन सगळीकडे फिरवला. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न घुसता या भोकातून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे हिरवट खपली होती. कापडाने पुसून परत दाब दिला. पाचएक मिनिटांत भोकाच्या काठावर थेंब धरला, खाली ब्लॉकवर ओघळला.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सापडलं की!" मलाही तसंच वाटलं.

१३ एप्रिल

वॉटर पंप बदलला. पंप २,३५०, फॅन बेल्ट ४२०, मजुरी ९००. काकांनी बसवला, मी हाताखाली होतो. जुन्या पंपाची दांडी हाताने हलवली तर कडकड वाजत होती. तो जायलाच आला होता.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढलाच होता म्हणून घरी आणून पातेल्यात दोऱ्याने टांगला, पाणी तापवलं, थर्मामीटर बाजूला. त्यावर ८२ लिहिलंय. ८२–८३ ला उघडायला लागला, ९५ पर्यंत पूर्ण उघडला. चांगला आहे, तोच परत बसवला. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे सवय आहे. तसं करू नका. इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त खातं आणि काजळी धरतं.

मग परत दाब दिला. १ बारवरून अर्ध्या तासात ०.९. पहिल्यापेक्षा खूपच बरं, पण काटा हलला म्हणजे पाणी अजून कुठेतरी जातंय. दाबाचा पंप रात्रभर तसाच लावून ठेवला.

१४ एप्रिल

सकाळी काटा ०.३ वर. गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, तो कोरडा. पंप, होज, रेडिएटरच्या कडा, सगळं कोरडं. म्हणजे उरलेली गळती आतल्या बाजूला आहे.

आत म्हणजे तीन वाटा. ऑइलमध्ये, सिलिंडरमध्ये, किंवा ईजीआर कूलरमध्ये. बीएस-४ गाड्यांमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचा काही भाग परत इंजिनात सोडतात आणि तो आधी कूलंटने थंड करतात, तो हा कूलर. बाहेरून नुसता लोखंडी डबा दिसतो. त्याच्या आत पातळ पत्र्याच्या एका बाजूला कूलंट आणि दुसऱ्या बाजूला जळता गॅस असतो. तो पत्रा तडकला तर पाणी गॅसच्या वाटेने जातं आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

ऑइलची वाट आधी तपासली, कारण त्याला पैसे लागत नाहीत. गाडी रात्रभर उभी होती. ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करून पहिली दोन चमचे धार काचेच्या ग्लासात घेतली. पाणी जड, ते तळाला बसतं, म्हणून पहिली धारच महत्त्वाची. निव्वळ काळं ऑइल आलं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळा फेस नाही, डिपस्टिकवर पातळी वाढलेली नाही. ऑइलवरचा संशय मिटला.

१५ एप्रिल

निळं द्रव घालून करायची गॅस टेस्ट केली. संच १,४५० रुपयांना. बाटलीच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या द्रवातून ओढायची. जळालेला गॅस असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग बदलतो. पेट्रोल गाडीत सरळ पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरव्यापर्यंतच जातो, कारण आयडलला (रेस न देता) डिझेलच्या धुरात मुळात हवाच जास्त असते. म्हणून गाडी गरम करून थोडं रेसवर ठेवूनच करायची. फक्त नळीत कूलंट ओढलं जाता कामा नये, नाहीतर द्रव वाया.

रंग हिरवट झाला.

काका म्हणाले, "आता अजून काय बघायचं?" वरवर बघता त्यांचं बरोबर होतं. पण एक गोष्ट मला पटत नव्हती. गॅस्केट फुटून सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरत असेल तर थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज टणक व्हायला हवा. पाणी तापायच्या आधीच, कारण तो दाब स्फोटाचा असतो. मी रोज पहाटे होज धरून बघत होतो. मऊच असायचा. बाटलीत बुडबुडेही नाहीत.

शिवाय ईजीआर कूलर तडकला असेल तरी हीच टेस्ट हिरवी येणार. लोडवर टर्बोच्या आधीच्या बाजूला गॅसचा दाब चांगलाच चढतो, तो तडीतून कूलंटमध्ये घुसतो. गाडी बंद केली की उलटं. गॅसचा दाब शून्य, पण गरम कूलंट अजून दाबाखाली, म्हणून पाणी तडीतून गॅसच्या बाजूला झिरपतं आणि रात्रभर पाईपात साठतं. सकाळी स्टार्ट मारला की ते इंजिन ओढून घेतं. पांढरा धूर, मिसिंग, आणि पाणी संपलं की गाडी सुरळीत. माझ्या गाडीचं वागणं तंतोतंत असं.

म्हणजे ही टेस्ट जळालेला गॅस पाण्यात येतोय एवढं सांगते. कुठल्या दाराने येतोय ते सांगत नाही. हेडचा निर्णय नुसत्या या रंगावर घेऊ नका.

१८ एप्रिल

आता सिलिंडर. इंजिन कोमट असताना चारही हिटर प्लग (थंड इंजिन चालू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे) काढले. आदल्या दिवसापासून जंग सुटायचं तेल मारून ठेवलं होतं. हा प्लग हेडमध्ये तुटला तर मात्र हेड उतरवावंच लागतं, म्हणून लांब पाना लावून जोर करायचा नाही. थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं करत काढायचे. तिसरा प्लग करकरत आला, त्यावरच अर्धी सकाळ गेली.

मल्टिमीटरवर बाकीचे तीन प्लग साधारण १ ओहम दाखवत होते, हा तिसरा पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेला. मिसिंगचं कारण हाच असेल असं कुणालाही वाटेल. पण रत्नागिरीत एप्रिलच्या पहाटे असा किती गारठा असतो? या हवेत डायरेक्ट इंजेक्शन डिझेल हिटरविनाही चालू होतं. एक प्लग गेल्याने एवढी मिसिंग येणार नाही. प्लग बदलला, ५५० रुपये, पण संशयाची यादी तशीच ठेवली.

प्लग काढलेलेच ठेवून रात्रभर १ बार दाब. सकाळी प्रत्येक भोकावर पांढरा कागद धरून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. मग डिझेल पडू नये म्हणून इंजेक्टरची कनेक्शनं काढून स्टार्टरने फिरवलं. चारही कागदांवर काजळीचे ठिपके, ओल कुठेच नाही.

इथे एक सूचना, जीव तोडून सांगतो. सिलिंडरमध्ये पाणी भरल्याचा संशय असेल तर प्लग न काढता स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येऊन अडला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग हिशेब हेडचा राहत नाही, पूर्ण इंजिनाचा होतो.

२० एप्रिल

ईजीआर कूलर आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला पाईप उघडला. दोन बोल्ट सहज, दोन आगीवर तापवून.

निरोगी गाडीत इथे कोरडी काजळी असते, बोटाला भुकटी लागते. इथे आतून ओला, चिकट, डांबरासारखा थर होता. पाईपाच्या तळाच्या वळणात चमचाभर काळं पाणी. पांढऱ्या फडक्याचं टोक त्यात बुडवून उन्हात धरलं. मध्ये काळा डाग, आणि त्याच्या बाहेर हळूहळू हिरवी कड पसरत गेली. वास तोच, धुरात यायचा तो गोडसर.

तेवढ्यावर थांबलो नाही. कूलरचं तोंड पुसून कोरडं केलं, १ बार दाब दिला, टॉर्च आत धरून बसलो. बराच वेळ काही नाही. मग आतल्या एका नळीच्या जोडाशी चमक आली, थेंब मोठा झाला आणि ओठावर येऊन थांबला. काकांना हाक मारली. त्यांनी टॉर्च हातात घेऊन स्वतः बघितलं आणि म्हणाले, "बरं झालं, हेड नाही उतरवलं."

२३ एप्रिल

कूलर काढला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडचा एक स्टड तुटला. तो भोक पाडून काढायला आणि आटे नीट करायला लेथवाल्याकडे ८०० रुपये आणि अर्धा दिवस. हा खर्च धरूनच चला. सहा वर्षं तापलेले स्टड आहेत, एखादा तुटणारच.

कूलरची कूलंटची एक वाट बंद करून दुसऱ्या वाटेने दीड बार हवा दिली, बादलीत बुडवला. थंड पाण्यात एकही बुडबुडा नाही. कढत पाणी ओतलं तर काही वेळाने गॅसच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. पत्रा तापून पसरला की तड उघडते. कुणी गार पाण्यात बुडवून 'कूलर चांगला आहे' म्हणालं तर ऐकू नका, गरम पाण्यात बघायला सांगा.

पर्याय चार होते. वेल्डिंग: तड आतल्या गाभ्यात, तिथे टॉर्च पोचत नाही. भंगारातला कूलर ३,५०० ला: आतून कसा आहे हे कसं कळणार? पत्र्याची चकती टाकून ईजीआर कायमचा बंद करणं: हा सल्ला सगळ्यात जास्त मिळाला, फुकट मिळाला. मी तो घेतला नाही. गाडी ज्या धुराच्या मापाला पास झालीय ते माप मोडतं, असा बदल कायद्यात बसत नाही, आणि त्या धुरात माझंच गाव आहे. चौथा पर्याय नवीन कूलर, ११,८००, गॅस्केटचे ६४० वेगळे. रत्नागिरीत नव्हता, कोल्हापूरहून येणार.

तोपर्यंत भाड्याची गाडीच, दर फेरीला साडेसात हजार. सगळ्यात जास्त टोचलं ते हेच.

२८ एप्रिल

कूलर बसवला. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे बसवायचे, मग आळीपाळीने आवळायचे. एक बाजू आधी आवळली तर दुसऱ्या बाजूला कूलरवर ताण राहतो, आणि ताणाखालचा पत्रा परत तडकतो. मजुरी १,८००.

कूलंट भरण्याआधी सिस्टिम साध्या पाण्याने दोनदा धुतली. पहिलं पाणी गंजाने तांबडं आलं. आधीच्या मालकाने विहिरीचं पाणी ओतून गाडी चालवलेली असावी. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. जुनं हिरवं आणि नवं नारिंगी एकत्र करू नका, काही प्रकार एकत्र आले की गाळ धरतो. एका जातीचं, पूर्ण नवं भरा. दोन्ही वेळचं मिळून १,९०० रुपये गेले. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

हवा काढण्यासाठी गाडीचं तोंड चढाला करून उभी केली, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवली, वरचा होज दाबत राहिलो. बुडबुडे थांबेपर्यंत बराच वेळ लागला. ही घाई केली तर आत हवेचा गोळा राहतो आणि नवीन कूलर असूनही काटा वर जातो.

रात्रभर १ बार. सकाळी काटा जिथल्या तिथे.

२ मे

भरल्या गाडीने आंबा घाट. सकाळच्या स्टार्टला मिसिंग नाही, पांढरा धूर नाही. परत आल्यावर दुसऱ्या पहाटे पातळी रेघेवर.

पण घाटात काटा परत वर गेलाच, आणि काळा धूर व पिकअपची तक्रारही तशीच. ९०० रुपयांचं ओबीडी यंत्र (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं) लावून बघितलं. सपाटीला ९३ अंश, घाटाच्या वरच्या वळणांवर १०८. पाणी जाणं थांबलं, तापणं थांबलं नाही. म्हणजे ही वेगळी दुखणी होती. पाणी जात असताना सगळ्याचा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता येत होतं, आता नाही.

४ मे

पंखा आधी. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला. भरभर फिरत राहिला असता तर पंख्याचा क्लच गेला असं समजायचं. इथे अडखळून थांबत होता, ठीक आहे.

मग पुढचा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) सैल करून थोडा पुढे ओढला. त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये बोटभर जाड पेंढ्याचा चुरा! आंब्याच्या पेट्यांत घालतो तो भाताचा पेंढा. पॅकिंगच्या शेडमध्ये गाडी चालू ठेवून माल भरतो, पंखा सगळा चुरा आत ओढतो, वर लाल माती बसते. पुढून बघितलं तर इंटरकूलर स्वच्छ दिसतो, आतला थर दिसतच नाही. आंबा वाहणाऱ्या प्रत्येक गाडीत हा असणार, एकदा उघडून बघाच.

इंजिनाच्या बाजूने बाहेर, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, हलक्या धारेने धुतलं. सर्व्हिसिंग सेंटरची जोरदार धार जवळून मारली तर पंख मुडपतात. घमेलंभर कचरा निघाला. खर्च शून्य.

७ मे

आज रत्नागिरी आणि कोल्हापूर दोन्हीकडे लोकसभेचं मतदान, गॅरेज आणि मार्केट बंद. सकाळी मत देऊन आलो आणि अंगणातच इनटेक (इंजिनात हवा जायची वाट) उघडला.

ईजीआर व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणि मॅनिफोल्डच्या पहिल्या वळणात तोच चिकट थर. वाट निम्म्याहून कमी उरलेली. कोरडी काजळी बरीचशी हवेबरोबर निघून जाते. कूलंट मिसळलं की ती चिकटते आणि थरावर थर बसतो. म्हणजे पिकअप कमी होण्यात गळतीचा हात होताच, पण गळती थांबवून तो आपोआप सुटणार नव्हता. मॅनिफोल्ड काढून डिझेलमध्ये भिजत घातला, लाकडी पट्टीने खरवडला. व्हॉल्व्ह ३५० रुपयांच्या क्लीनर स्प्रेने साफ केला, त्याची झडप अर्धवट उघडी अडकली होती. मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच खरवडू नका, खपली सिलिंडरमध्ये पडते.

परत जोडताना इंटरकूलरच्या खालच्या होजवर बोट फिरवलं तर क्लिपच्या अगदी कडेला चीर लागली. बाहेरून क्लिपखाली झाकलेली, आतून आरपार. टर्बोने दाब दिला की तिथून हवा निघून जाणार, डिझेल मात्र पूर्ण पडणार, म्हणून काळा धूर. साबणाचं पाणी लावून हवा दिली तेव्हा मोठा फुगा आला. होज ७२० रुपये.

१० मे, अक्षय तृतीया

मालाला आज सर्वांत जास्त मागणी, म्हणून आदल्या रात्री पूर्ण भरून निघालो. साखरप्यानंतर घाट लागला तसा भाऊ मोबाइलवर आकडे वाचत होता. ९४, ९६, सर्वांत अवघड वळणावर ९९, माथ्यावर परत ९५. आरशात काळा धूर नाही. जिथे दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं तिथे तिसऱ्यावर चढली. पहाटे यार्डात पोचल्यावर इंजिन गार होऊ दिलं आणि झाकण न उघडता बाटली बघितली. रेघेवर.

२१ मे

मधल्या सगळ्या फेऱ्या धरून पातळी हललेली नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलले, ३,१०० रुपये. ऑइलमध्ये पाणी सापडलं नव्हतं, तरी इतके दिवस कूलंट इंजिनात जळत होतं, म्हणून जुन्यावर विश्वास ठेवला नाही.

हिशेब, जसा झाला तसा. दाबाचा पंप २,६००, झाकण २८०, वॉटर पंप बेल्ट-मजुरीसह ३,६७०, गॅस टेस्ट १,४५०, हिटर प्लग ५५०, ईजीआर कूलर गॅस्केट-स्टड-मजुरीसह १५,०४०, कूलंट १,९००, ओबीडी यंत्र ९००, क्लीनर ३५०, इंटरकूलर होज ७२०, ऑइल ३,१००. एकूण ३०,५६०. भाड्याच्या गाड्यांचे पैसे यात नाहीत.

म्हणजे हेडच्या कामाचा जो अंदाज होता जवळपास तेवढेच गेले. फरक एवढाच की हेडचे पैसे घातले असते तरी कूलर तडकलेलाच राहिला असता आणि हे सगळे पैसे वर लागले असते. यातले ४,९५० हत्यारांचे आहेत, ती घरात राहिली. पंप तर काकांनीच दोनदा मागून नेला.

काम अजून थोडं बाकी आहे. पावसाळ्याआधी रेडिएटरच्या पुढे बारीक जाळी लावायचीय, पण हवेला अडथळा न होणारी, तिचं माप काकांशी बोलून ठरवतोय. इंजेक्टरची परतीच्या डिझेलची टेस्ट केलेली नाही. १ लाख ६० हजारांच्या पुढे ती करून घ्यावी असं काका म्हणतात, आंबा संपला की करणार. चिकटपट्टीची रेघ तशीच ठेवलीय, आणि दर रविवारी पहाटे भाऊ बघून तारीख लिहितो.